खर्जाचा एक सूर, घरच्या कॉम्प्युटरवर

[काळा पडदा. बेस गिटारची सर्वांत जाड तार एकदाच छेडली जाते. सूर विरेपर्यंत शांतता.]

ऐकलात हा सूर? मोबाइलच्या स्पीकरवर बघत असाल, तर तुम्ही तो पुरता ऐकलेला नाही.

ही बेसची सर्वांत खालच्या सुराची तार, मोकळी वाजवलेली. ती सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते, म्हणजे 41 हर्ट्झ. एवढी संथ थरथर ऐकवायची तर बरीच हवा ढकलावी लागते, आणि नखाएवढ्या स्पीकरला ते जमत नाही. तरी सूर तुम्हाला कळला. त्याचं कारण असं, की तारेतून 41 च्या जोडीला 82, 124, 165 असे वरचे सूरही निघत असतात. कान ते पकडतो आणि तळातला सूर आपल्या मनाने भरून काढतो.

बेस रेकॉर्ड करायला बसलेल्या नवशिक्याला पहिला चकवा देतात ते त्याचे स्वतःचे कान. ते कुठे कुठे फसतात, ते बघत या एका सुराच्या मागे जाऊ.

[जवळून : बोट तारेवरून सुटतं. तार धूसर दिसते. कॅमेरा पिकअपवर येतो.]

तारेखालची ही काळी पट्टी म्हणजे पिकअप. आत चुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली, की वेढ्यांमध्ये इवलासा विद्युत सिग्नल तयार होतो. या वाटेत हवा नाही, माइक नाही. शेजारी कुत्रं भुंकू दे, पंखा घरघरू दे, बेसच्या ट्रॅकवर काही येत नाही. गाणाऱ्यांनी आपला हेवा करावा अशी ही एकच जागा!

मग आवाज मोठा करणारा अॅम्प नको का? नसला तरी चालतो. 1960 च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सनचा बेस थेट कन्सोलला, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सिंगच्या टेबलाला, जोडून रेकॉर्ड होत असे. उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवणारा हा माणूस. घरी आपण जे करतो ते त्याच जातीचं काम आहे, फक्त कन्सोलच्या जागी तळहाताएवढी डबी आली.

[टेबलावर ऑडिओ इंटरफेस. केबलचा जाड प्लग आत जातो. खट्.]

ही डबी म्हणजे ऑडिओ इंटरफेस, बेसचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये नेणारी. ती विकत घ्यायचा मला कंटाळा होता. मी एक अडॅप्टर आणला आणि बेस लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसला. आवाज आला तो पातळ, फाटका, डब्यात बसून वाजवल्यासारखा. मी तारांना दोष दिला, नवा संच चढवला आणि पुन्हा तोच डबा ऐकला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दोष जोडणीचा होता. पिकअपचा सिग्नल अशक्त असतो. समोरच्या यंत्राने तो हलक्या हाताने घ्यावा लागतो, ओढून घेतला तर खचतो. किती ओढलं जाणार हे समोरच्या इनपुटच्या इंपिडन्सवर, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यावर ठरतं. अडथळा जास्त, तर ओढ कमी. गिटारसाठी केलेल्या इनपुटचा इंपिडन्स साधारण 10 लाख ओहम असतो, साध्या लाइन इनपुटचा 10 हजारांच्या आसपास. लॅपटॉपचं माइकचं भोक तर मुळात हेडसेटच्या माइकसाठी केलेलं. म्हणून इंटरफेसवर ‘इन्स्ट’, ‘हाय-झी’ किंवा गिटारचं चित्र असलेलं बटण शोधा आणि आधी ते दाबा. ते राहिलं, तर सुराची धार तिथेच बोथट होते, आणि पुढे सॉफ्टवेअरमध्ये कितीही झटा, आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

जाता जाता एक. तुमच्या बेसमध्ये बॅटरी असेल, तर वाजवून झाल्यावर केबल उपसून ठेवा. बहुतेक बेसमध्ये प्लग आत असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

[पडद्यावर हिरवा मीटर. सूर वाजतो, पट्टी उसळते.]

आता गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते. इथे घाई करू नका.

सूर आकड्यांमध्ये बदलला जातो तो याच डबीत, सेकंदाला 44,100 वेळा मोजून. आपल्या सुराच्या एका हेलकाव्याला त्यातले हजाराच्या वर आकडे येतात, म्हणजे बारकावा भरपूर. पण आकड्यांना छत आहे. मीटरवर ते शून्य डेसिबल म्हणून दिसतं. त्याच्यावर आकडाच नसतो. सूर छताला धडकला, की लाटेचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. यालाच क्लिपिंग म्हणतात. ती कापलेली लाट नंतर धड दुरुस्त होत नाही.

नवशिका गेन लावताना हमखास एक गोष्ट करतो. मीटर बघत, जपून, हळू वाजवतो. मग गाणं सुरू होतं, अंगात येतं, बोटं दुप्पट जोराने पडतात आणि लाल दिवा लागतो. तेव्हा गेन लावताना गाण्यातला सगळ्यात दणदणीत तुकडा वाजवा, अगदी शेजारी येतील असा. त्यातली सर्वांत उंच उसळी उणे 12 ते उणे 6 च्या मध्ये राहिली पाहिजे. रेकॉर्डिंग 24 बिटवर ठेवा. तिथे हळू आवाजालाही पुरेशी खोली असते, त्यामुळे मीटर भरून काढायचा सोस नको. लाट पडद्यावर बारीक दिसते म्हणून गेन वाढवणारे पुष्कळ पाहिलेत. बारीक दिसते तर पडदा झूम करा की!

[हेडफोन लावलेला वादक. तालाचा क्लिक वाजतो. वादक थबकतो, कपाळाला आठ्या.]

ही आठी ओळखीची आहे. तार छेडली, आणि सूर कानात पोहोचला तो किंचित उशिरा. ही लेटन्सी. कॉम्प्युटर सुराचे आकडे एकेक न घेता गठ्ठ्याने घेतो, आणि त्या गठ्ठ्याचं नाव बफर. 1024 आकड्यांचा बफर असेल, तर नुसता एक गठ्ठा भरायला 23 मिलिसेकंद लागतात. आत यायला एक, बाहेर पडायला एक. वादक त्या उशिराशी जुळवून घ्यायला जातो, मागे मागे सरकतो आणि ठेका बसतच नाही. मग म्हणतो, ‘माझा हात तालात नाही.’

हातावर आळ घेण्याआधी बफर 128 वर आणा. गठ्ठा 3 मिलिसेकंदांच्या आत येतो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे येऊनजाऊन, वरचं थोडं धरून, अॅम्पपासून दोनचार पावलांवर उभं राहिल्यासारखं होतं. तेवढं कुणालाही चालतं. कॉम्प्युटर जुना असेल आणि लहान बफरला आवाज तडतडायला लागला, तर इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असतो तो चालू करा. सूर कॉम्प्युटरचा वळसा न घेता सरळ कानात येतो. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एसिओ (ASIO) ड्रायव्हर, म्हणजे डबी आणि कॉम्प्युटर यांना जोडणारं सॉफ्टवेअर, निवडायला विसरू नका. मॅकवर ही कटकट नाही.

[फक्त डावा हात. बोटं शेजारच्या तारांवर अलगद टेकलेली.]

आता रेकॉर्डचं लाल बटण. दाबायच्या आधी सूर लावा, दर टेकच्या आधी लावा. आणि मग वाजवण्याइतकंच लक्ष न वाजवण्यावर द्या. जाड तार वाजते तेव्हा बाकीच्या तीन तिच्यासोबत गुणगुणू लागतात. खोलीत ते कळत नाही. हेडफोनवर, तेही गाणं मिक्स करायला घेतल्यावर कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. डाव्या हाताची रिकामी बोटं आणि उजवा अंगठा, यांनी त्या तीन तारांना गप्प बसवायचं.

गुणगुण थांबूनही मागे ‘हं’ असा स्वर राहिला, तर तो विजेचा. 50 किंवा 60 हर्ट्झ, जिथली वीज तशी. अंग स्क्रीनपासून जरा वळवून बघा, किंवा लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवा. अनेकदा तेवढ्याने भागतं.

[प्लेबॅक. वादक खोलीभर चालत ऐकतो.]

आणि हा सगळ्यात मोठा चकवा. आपल्या सुराची लाट हवेत आठ मीटरहून लांब असते. घरातल्या खोलीत ती भिंतींवर आपटून स्वतःवरच येऊन पडते. कोपऱ्यात उभे राहा, बेस दणाणतो. दोन पावलं पुढे या, गायब. मग खुर्चीवर बसलेला माणूस इक्यूमध्ये, म्हणजे सुरांचे पट्टे कमीजास्त करायच्या साधनात, खालचे सूर वाढवत सुटतो, आणि तेच गाणं दुसरीकडे गढूळ वाजतं. खालच्या सुरांचा निवाडा हेडफोनवर करा, आणि एकदा मोबाइलवरही ऐका. तिथे बेसची चाल कळली पाहिजे. कळत नसेल तर 41 हर्ट्झ वाढवून काही मिळणार नाही. 700 ते 1000 हर्ट्झच्या आसपास, जिथे बोटाचा आणि तारेचा आवाज असतो, तिथे थोडं उचला. मोठे आवाज दाबून पातळी सारखी ठेवणारा कंप्रेसर लावा, प्रमाण चारास एक, अॅटॅक (दाबायला लागणारा वेळ) जरा संथ, म्हणजे बोटाचा पहिला ठोका दबत नाही. याहून जास्त सजावट पहिल्या गाण्याला नको. मूळ कोरा ट्रॅक मात्र जपून ठेवा, महिन्याभराने सॉफ्टवेअरमधला वेगळा अॅम्प त्याच ट्रॅकवर चढवता येतो.

[शेवटचा सूर. वादकाचा हात हवेत थांबलेला. पडद्यावर लाट हळूहळू निमुळती होते.]

हा शेवटचा सूर. अजून माऊसला हात लावायचा नाही. लाट बघा. कानाला संपलाय असं वाटतं, तिथे ती अजून हलतेय. दहा सेकंद. बारा.

आता ती सरळ रेषा झाली.

[माऊसची क्लिक. काळा पडदा.]