साथीच्या दिवसांत सामने कुठे घ्यायचे?

नमस्कार श्रोतेहो.

साथ चालू असताना मोठी स्पर्धा भरवायची म्हटलं, की सगळे आधी बघतात त्या शहरात रोज किती रुग्ण सापडतात ते. पण तपासण्या कमी केल्या की रुग्णही कमीच दिसतात. त्यापेक्षा शंभर चाचण्यांमागे किती पॉझिटिव्ह निघतात आणि गेले दोन आठवडे ते प्रमाण चढतंय की उतरतंय, हे पाहावं. शिवाय ऑक्सिजनच्या आणि आयसीयूच्या किती खाटा रिकाम्या आहेत, हेही विचारावं.

कोविडच्या साथीतली २०२१ची आयपीएल आठवा. ९ एप्रिलला सुरुवात झाली, सहा शहरं ठरली होती. संघ आधी चेन्नई-मुंबईत खेळले आणि मग विमानानं अहमदाबाद-दिल्लीला गेले. ३ मेला अहमदाबादेत कोलकात्याचे दोन खेळाडू पॉझिटिव्ह निघाले आणि ४ मेला, २९ सामन्यांनंतर, स्पर्धा थांबवावी लागली. त्याच दिवसांत दिल्लीत माणसं ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी वणवण करत होती. सामन्याच्या वेळी मैदानाबाहेर रुग्णवाहिका सज्ज ठेवावीच लागते. जिथे आजारी माणसाला ती मिळत नाही, तिथे सामना घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गोवा बघा. २०२०-२१ची इंडियन सुपर लीग ही फुटबॉलची स्पर्धा सगळीच्या सगळी तिथे झाली. अकरा संघ आणि तीनच मैदानं: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. संघ एकदा उतरला की पुढचे महिने विमानाचं नाव नाही. बांबोळीचं मैदान तर गोवा मेडिकल कॉलेजच्या शेजारीच.

२०२२च्या आयपीएलनं हाच धडा घेतला. साखळीचे ७० सामने वानखेडे, ब्रेबॉर्न, नेरूळचं डी. वाय. पाटील आणि पुण्याजवळचं गहुंजे या चार मैदानांवर बसवले. तरी बाधा शिरलीच. दिल्लीच्या चमूत रुग्ण निघाले, तेव्हा २० एप्रिलचा पंजाबविरुद्धचा सामना गहुंज्याहून ब्रेबॉर्नवर आणला. कारण बसचं! बंद काचांच्या, एसी बसमध्ये दोन-अडीच तास एकत्र बसायचं आणि त्यात एखाद्याचा संसर्ग अजून चाचणीत दिसलेला नसला, तर अख्खा संघ सापडतो. संघ मुंबईतच होता आणि मैदान जवळ होतं, म्हणून सामना ठरल्या दिवशी झाला. यजमान शहर निवडताना असं राखीव मैदान हाताशी हवंच.

चाचणीचंही नीट समजून घ्या. कोविडची लागण झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस आरटी-पीसीआर, म्हणजे नाका-घशातल्या स्वॅबची चाचणी, बहुधा निगेटिव्हच येते. म्हणून आल्या आल्या एक स्वॅब घेऊन कुणाला आत सोडू नये. काही दिवस खोलीत वेगळं ठेवून पुन्हा पुन्हा तपासावं.

आणि हॉटेल. खेळाडूंच्या खोल्या मोजल्या जातात, पण आचारी, साफसफाईवाले, लाँड्रीवाले, बसचालक यांच्या राहून जातात. ही माणसं रोज रात्री लोकलनं घरी जाऊन सकाळी परत येत असतील, तर बायो-बबलला, म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क तोडून संघाभोवती आखलेल्या कड्याला, भोक पडलंच म्हणायचं. त्यांना आतच ठेवायचं, तर त्यांच्याही खोल्या, जेवण, तपासण्या आणि घरापासून लांब राहण्याचा जादा मोबदला हॉटेल ठरवतानाच करारात लिहून घ्यावा. शिवाय एक मजला बाधितांसाठी राखावा, त्याला लिफ्ट वेगळी असावी आणि खोल्यांच्या खिडक्या उघडणाऱ्या असाव्यात.

नमस्कार.