एका कोयत्याचा करार

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा-दिवाळी आटोपली की आपल्या वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव भागात ट्रॉल्या भरभरून माणसं येऊ लागतात. बीडकडची येतात, तशी आपल्याच जत आणि माण-खटावचीही येतात. उसाच्या फडाशेजारी या तोडणी मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि गळीत हंगाम सुरू होतो. आज मला नीतिशास्त्रावर बोलायचंय, तेही या फडातल्या एका करारावरून.

हा करार तुम्हाला माहीत आहे. मजूर जमवणारा मुकादम पावसाळ्यातच त्यांच्या गावाकडं जाऊन उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, ती कोयत्यामागं. हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल बहुतेक नवऱ्याच्या हातात पडते. सही नाहीतर अंगठा त्याचा. तोडणी तो करतो, मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवते ती. मजुरी टनावर लागते आणि उचलीत वळती होते. कुणी आजारी पडलं की खाडा धरायचा आणि त्याचे पैसे कापायचे. भल्या पहाटे उठून तिनं केलेल्या भाकरी, काखेतलं पोर, यातलं काही कुठल्याच वहीत चढत नाही.

आता हा करार नीतीला धरून आहे का? तत्त्वज्ञांना विचारलं तर निदान तीन प्रकारची उत्तरं येतील.

सामाजिक कराराचं म्हणणं ऐकायला सोपं आहे. युरोपातल्या तीन तत्त्वज्ञांनी ते मांडलं: हॉब्जनं 1651 मध्ये, मग लॉकनं, 1762 मध्ये रूसोनं. तिघांचं आपसात जमत नाही, पण गाभा एक: सत्ता देवानं दिलेली नसते, माणसांनी मिळून मान्य केलेली असते. सातारा-सांगलीत हे समजवायला फार कष्ट पडू नयेत. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं इंग्रजांचं राज्य अमान्य करून गावोगावी न्यायदान मंडळं उभी केली. लोकांनी संमती काढून घेतली की राज्यकर्त्याचा अधिकार संपतो, हे लॉकचं म्हणणं इथल्या लोकांनी त्याचं पुस्तक न उघडता अमलात आणलं. म्हणून या विचाराबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण संमती दिली कुणी, हे विचारलं की पंचाईत होते. हॉब्ज एका ठिकाणी म्हणतो, माणसं जणू भूछत्रासारखी जमिनीतून एकदम वर आलीत, कुणाचं कुणाशी काही देणं नाही, असं धरून चालू. म्हणजे आई नाही, बाळंतपण नाही, पोराला दोन वर्षं अंगावर पाजणं नाही. एवढं सगळं वगळलं की करार करायला मोकळी माणसं उरतातच! 1971 मध्ये जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञानं मोठी सुंदर युक्ती काढली. समाजाचे नियम ठरवताना आपण श्रीमंत आहोत की गरीब, कुठल्या घरात जन्मलो, हे कुणालाच माहीत नाही असं समजा. कारखान्याचा चेअरमन, मुकादम की ऊसतोड मजूर, यातलं आपल्या वाट्याला काय येईल हे ठाऊक नसताना तुम्ही खाड्याचा नियम मान्य कराल का? रॉल्सच्या कसोटीवर आपला करार तिथंच कोसळतो. गंमत अशी, की नियम ठरवायला बसलेली माणसं रॉल्सनं कुटुंबप्रमुख म्हणून कल्पिली होती. स्त्रीवादी विचारवंत सुझन ओकिननं 1989 मध्ये त्यावर नेमकं बोट ठेवलं, की मग घराच्या आतल्या न्यायाचं काय? मुकादमाची वही तरी वेगळं काय करते?

स्त्रीवादी नीतिविचार इथून सुरू होतो. कॅरोल पेटमननं 1988 मध्ये मांडलं, की सामाजिक कराराच्या गोष्टीआड आणखी एक करार दडलेला आहे, पुरुषांनी बायकांवरचा हक्क आपसात वाटून घेतल्याचा. त्याआधी 1982 मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगननं वेगळ्या बाजूनं हल्ला केला होता. तिचा ज्येष्ठ सहकारी कोलबर्ग यानं फक्त मुलग्यांचा अभ्यास करून नैतिक वाढीच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. त्याचा एक प्रश्न होता: बायको मरणाच्या दारात आहे, औषध परवडत नाही, तर नवऱ्यानं ते चोरावं का? अकरा वर्षांचा मुलगा गणित सोडवल्यासारखं उत्तर देतो, चोरावं, जीव पैशापेक्षा मोठा. त्याच वयाची मुलगी म्हणते, चोरलं आणि तुरुंगात गेला तर पुढच्या दुखण्यात तिच्याजवळ कोण? दुकानदाराशी बोला, उसनवारी करा. कोलबर्गच्या पट्टीवर ती खालच्या पायरीवर बसली. गिलिगन म्हणाली, चूक पट्टीची आहे; नात्यातल्या माणसाची काळजी करणं हाही नीतीचाच विचार आहे.

आमच्या मायबहिणी सगळ्या अशाच बोलतात, म्हणून हे मला पटतं. आणि म्हणूनच थोडी धास्तीही वाटते. काळजी हीच नीती म्हटलं, की काळजी घ्यायचं काम पुन्हा तिच्याच पदरात टाकायला सगळे मोकळे. स्त्रीवाद्यांनीही ही शंका आपसात बरीच चघळली आहे.

राहिला सद्गुणांचा विचार. ॲरिस्टॉटल विचारतो, अशा वागण्यानं तुम्ही कसला माणूस घडताय? सद्गुण सवयीनं अंगी बाणतो आणि दोन टोकांच्या मध्ये असतो. इथं लगेच कुणीतरी म्हणेल, आमच्या बायका किती सोशिक, हाच त्यांचा सद्गुण! बायकांबद्दल ॲरिस्टॉटलचं मत काही चांगलं नव्हतं. त्यांच्याकडे विचारशक्ती आहे पण तिला अधिकार नाही, असं त्यानं लिहून ठेवलंय. तरी रागाबद्दल तो जे म्हणतो ते ऐका: जिथं रागवायला हवं तिथं जो रागवत नाही तो मूर्ख ठरतो, आणि अपमान गिळत राहणं हे गुलामाचं लक्षण. त्याचंच माप लावलं तर तापात मोळी उचलणारीचं गप्प राहणं सद्गुणात बसत नाही. तिच्या सोशिकपणाचं कौतुक करणाऱ्या आपल्या अंगी काय बाणतंय, हेही याच मापानं बघावं लागेल.

मला विचाराल तर मी करार सोडणार नाही. नुसत्या मायेवर विसंबलं तर हंगामाच्या शेवटी हातात काहीच राहत नाही. मात्र कागदावर नावं दोन हवीत, खाती दोन हवीत, आणि गरोदर बाईच्या दिवसांना खाडा नको. हे शेवटचं कलम स्वतःला भूछत्र समजणाऱ्याला कधीच सुचलं नसतं.

यावर एका मुकादमानं मला सांगितलं, दोन खाती केली तर कोपीत भांडणं लागतील. लागतीलही. मग त्या भांडणात राग कुणाचा रास्त, ते बघू.

नमस्कार.