बेलफास्टहून बसऱ्याला: ब्रिटिश लष्कराची बदललेली भूमिका

अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि मंडळी,

ब्रिटिश लष्कराच्या अलीकडच्या इतिहासात २००७ चा उन्हाळा मला फार महत्त्वाचा वाटतो. १९६९ पासून ३८ वर्षे चाललेली उत्तर आयर्लंडमधील (राजधानी बेलफास्ट) शांतता राखण्याची मोहीम त्या वर्षी ३१ जुलैला संपली, आणि सप्टेंबरच्या आरंभी ब्रिटिश तुकड्या इराकमधील बसरा शहरातला आपला शेवटचा तळ सोडून विमानतळावर परतल्या.

या दोन घटनांचा परस्परांशी संबंध आहे. २००३ मध्ये बसरा ताब्यात आल्यावर ब्रिटिश सैनिक हेल्मेट उतरवून, साधी बेरे टोपी घालून बाजारातून गस्त घालू लागले. भर वस्तीत शांतता कशी राखावी हे आपण बेलफास्टमध्ये शिकलो आहोत, असा त्यामागे विश्वास होता, आणि अमेरिकनांच्या तुलनेत थोडा तोराही होता. परंतु बेलफास्टमध्ये सैनिकाच्या पाठीशी पोलीस आणि न्यायालये होती, लोकांची भाषा त्याला कळत होती, आणि राज्यही त्याच्याच सरकारचे होते. बसऱ्यात पोलीस दलातच सशस्त्र टोळ्या शिरल्या होत्या. त्यात २००६ मध्ये, इराकमधून पाय निघालेला नसताना, सुमारे ३,३०० जणांचे दल अफगाणिस्तानातील हेल्मंडला धाडण्यात आले. आपल्यावर हल्ले करणाऱ्या टोळीशीच समझोता करण्याची पाळी येणे मानहानीचे होते, असा निष्कर्ष इराक युद्धातील ब्रिटनच्या सहभागाची छाननी करणाऱ्या चिलकॉट चौकशीने २०१६ मध्ये नोंदवला, आणि तो मला योग्य वाटतो.

जाता जाता सांगतो, बसरा आपल्याला परके नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये ते घेणाऱ्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, आणि पुढे त्या इराकमधीलच कुत या गावी तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडल्या.

इराकमध्ये १७९ आणि अफगाणिस्तानात ४५७ ब्रिटिशांना प्राण गमवावे लागल्यावर परदेशी मोहिमांचा जनतेचा उत्साह ओसरला. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावरील कारवाईचा प्रस्ताव संसदेनेच फेटाळला. दरम्यान २०१० पर्यंत लाखाच्या वर असलेले नियमित सैन्य आधी ८२,००० वर आणि २०२१ च्या निर्णयानुसार ७२,५०० वर आणायचे ठरले. कामे मात्र कमी झाली नाहीत. २०१२ च्या ऑलिंपिकला खासगी सुरक्षारक्षक पुरेसे मिळाले नाहीत तेव्हा दारावर सैनिक उभे राहिले. २०१४ मध्ये सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या रुग्णांसाठी उपचारकेंद्रे उभारण्यात त्यांचा हात होता. करोनाकाळातही त्यांनाच बोलावले गेले.

२०१७ पासून रशियाला लागून असलेल्या एस्टोनियातील तापा येथे ब्रिटिश तुकडी तैनात आहे, आणि २०२२ पासून युक्रेनच्या नवशिक्या सैनिकांना ब्रिटनमधील मैदानांवर काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले जाते. येथे एक विचित्र अवस्था निर्माण होते, असे मला वाटते. शिकवणाऱ्या पिढीचे युद्ध हेल्मंडच्या वाटेवर पुरलेल्या सुरुंगांचे होते. शिकणारा मात्र खंदक, तोफखाना आणि ड्रोन यांच्या रणभूमीकडे परतणार असतो, आणि त्या युद्धाचा अनुभव त्याच्याच देशाकडे आहे.