एका बागेतून दुसऱ्या बागेत

श्रोतेहो, नमस्कार.

शहरालगत नव्यानं तयार झालेल्या बागांची साखळी पाहायला निघणार असाल, तर एक विनंती आहे. गाडी पहिल्या फाटकापाशीच लावा आणि पुढची बाग पायी गाठा. प्रत्येक फाटकाशी गाडीनं गेलात, तर बागा पाहून होतील, पण त्यांना जोडणारी वाट राहून जाईल. सगळी करामत असते ती त्या वाटेतच.

बागा अशा एकीला एक जोडायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८७८ मध्ये ते काम हाती घेतलं. सुमारे ११ किलोमीटरची ती साखळी आज ‘पाचूचा हार’ म्हणून ओळखली जाते. पण हे निव्वळ शोभेचं काम नव्हतं बरं का! तिथल्या मडी नदीचं पाणी तुंबायचं, घाण साचायची, पूर यायचा. त्या दुखण्यावर इलाज करता करता बाग झाली.

सिंगापूरच्या बिशान उद्यानात तर काँक्रीटचा २.७ किलोमीटरचा सरळसोट कालवा होता. तो फोडून ३.२ किलोमीटरची वळणं घेत जाणारी नदी केली. २०१२ मध्ये हे काम पुरं झालं. जोराचा पाऊस आला की नदी काठच्या हिरवळीवर पसरते, ओसरली की तिथंच पुन्हा मुलं खेळतात. म्हणून नव्या बागेत एखादा सखल, चिखलाळ तुकडा दिसला, तर लगेच ‘काम कच्चं आहे’ म्हणू नका. बहुधा तो पाण्यासाठी मुद्दाम राखलेला असतो.

नवी बाग उघडीबोडकी दिसते, हे खरं. सावली यायला वर्षं जातात. तोवर रोपांपाशी जरा वाकून बघा. आधाराच्या काठीला बांधलेला पट्टा सैल हवा. पालापाचोळ्याचं आच्छादन खोडाला टेकलेलं नको, ओलीनं साल कुजते.

गेल्या खेपेला मला एका रोपाचा पट्टा सालीत रुतलेला दिसला. माळीदादांना दाखवला, त्यांनी हातातलं काम टाकून तो सोडला. खाली बोटभर रुंदीचा फिकट वळ उमटला होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “वेळेत दिसलं, भरून येईल.”

पावसाळा सरला की मी तो वळ बघायला पुन्हा जाणार आहे.