आडवी बाटली

ही मतपत्रिका. उमेदवार नाही, पक्ष नाही. एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दारूचं दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. शिक्का एकाच चित्रावर मारायचा. दोन्हींवर पडला किंवा मधल्या रेषेवर बसला, की मत बाद.

(दृश्य: देवळाचा पार, सह्या घेणाऱ्या बायका)

सुरुवात या पारावर झाली. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या, की मतदान मागता येतं. यादीत १,२०० बायका असतील तर ३०० सह्या. पण ३०० वर थांबू नये, ४०० घ्याव्यात. कारण राज्य उत्पादन शुल्क विभागाचे अधिकारी एकेक सही यादीशी ताडून बघतात आणि गळती तिथेच होते. यादीत नाव माहेरचं, सही सासरच्या नावानं. एखादीचं नाव अजून दुसऱ्याच गावात. एखादीनं दोनदा अंगठा दिलेला. ताईंच्या हातातला हा कागद जवळून बघा. प्रत्येक सहीपुढे मतदार यादीतला अनुक्रमांक लिहिलाय. असा कागद टिकतो.

(दृश्य: शाळेबाहेर रांग)

खरी मेख पुढे आहे. झालेल्या मतांपैकी निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी करावी लागते. १,२०० त ६०१. समजा ९०० आल्या, ६०० जणींनी आडवी केली, ३०० जणींनी उभी. दुकान चालूच राहतं! घरी राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. वारलेल्या सासूबाईंचं नाव यादीत राहिलं असेल, तर त्याही. आमदार निवडताना अशी अट नसते. म्हणून आधी नमुना ७ भरून मयत आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावं वगळून घ्यायची. आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्याशिवाय तारीख नको, हे तहसीलदारांना लेखी द्यायचं.

चंद्रपूर जिल्ह्यात सरकारनं २०१५ साली दारूबंदी केली आणि २०२१ साली सरकारनंच ती उठवली. इथला निर्णय गावातल्या बायकांच्या मतांचा आहे.

(दृश्य: मोजणीचं टेबल)

६०१ भरले की अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टीसाठी पोलिसांत वेगळी तक्रार द्यावी लागते.

आडव्या बाटलीचा गठ्ठा डावीकडे. पन्नास-पन्नासच्या जुड्या बांधल्या जातायत.