तुकडाभर तंगूस

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यात उजनी धरणाचं पाणी खूप मागे सरतं. भिगवणच्या बाजूला काठाकाठाने ओला चिखल उघडा पडतो आणि त्यात बगळे, शेकाटे, ढोकऱ्या चरत असतात. दोन वर्षांपूर्वी तिथेच आमच्या होडीजवळ एक ढोकरी पंख आपटताना दिसली. वीतभर उडायची की पुन्हा खाली. एक पाय बाभळीच्या खुंटाला जखडलेला. अगदी जवळ गेलो तेव्हा कुठे तंगूस दिसला.

तंगूस म्हणजे गळाला लावायचा नायलॉनचा दोरा. गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला जाणाऱ्यांच्या तो रोजच्या हातातला. नावाड्याने आपला टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला, कारण डोळे झाकले की पाखरू शांत होतं. मग नेलकटरने एकेक वेढा कापला. सात-आठ वेढे होते, त्यात शेवाळ आणि तिचंच एक पीस गुंतलेलं. फास सुटला, पण दोन बोटं वाळक्या काडीसारखी काळी पडली होती. ढोकरी चिखलात दबा धरून उभी राहते, म्हणून तिला मासा मिळतो. तिचं पोट त्या पायांवर चालतं हो!

संक्रांत आली की नायलॉन मांजाबद्दल आपण सगळे बोलतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदीही घातली. तंगूस त्याच नायलॉनचा, आणि त्याला मोसम नाही. गळ दगडात अडकला की दोरा तोडायचा, गुंता झाला की तिथेच टाकायचा, ही सवय बारा महिन्यांची आहे. सुती दोरा कुजून तरी जातो. नायलॉन वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि पाण्यात तर दिसतही नाही. पक्षी जितका ओढतो तितका फास आवळतो, रक्त थांबतं, पाय सुजतो आणि शेवटी झडतो. तुटलेल्या गळाला आमिष असेल तर ते पक्षी गळासकट गिळतो. मग चोचीतून लोंबणारा दोरा झाडात अडकतो आणि रात्रीच्या मुक्कामाला आलेला पाणकावळा फांदीला लटकून मरतो.

भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावात चित्रबलाक बाभळींवर घरटी करतात. अशा घरट्यात काड्यांबरोबर दोरा आला, तर पिल्लाचा पाय वाढत जातो आणि फास मात्र तेवढाच राहतो. मला सगळ्यात जास्त छळतं ते हे.

दोऱ्याला जड करायला लावलेलं शिसंही तितकंच वाईट. दाणे दळण्यासाठी हंस-बदकं बारीक खडे गिळतात, त्यात शिशाचे मणी जातात आणि विष अंगात भिनतं. ब्रिटनमध्ये यामुळे इतके हंस मेले की १९८७ साली तिथे गळाच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली.

गरवणाऱ्या मित्रांना एक कळकळीची विनंती. तुमच्याच गळाला पक्षी लागला, तर घाबरून दोरा तोडू नका. तो दोरा घेऊन उडेल आणि कुठेतरी अडकून मरेल. हळूहळू जवळ ओढा, डोक्यावर कापड टाका, पंख अंगाशी धरा. बगळा असेल तर आपले डोळे सांभाळा, तो थेट डोळ्यांवर चोच मारतो. गळाला उलटा काटा असतो, म्हणून तो मागे खेचू नका. गळ खोल रुतला असेल किंवा गिळला असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आणि तोडलेला दोरा बारीक कापून झाकणाच्या बाटलीत भरा. आमच्या त्या नावाड्याने तेव्हापासून होडीच्या वल्ह्याशेजारी पाण्याची एक रिकामी बाटली बांधली आहे. काठावर दिसेल तो तुकडा तो तिच्यात कोंबतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही गेलो, तेव्हा तिसरी बाटली गळ्यापर्यंत आली होती.