हात वरून येऊ नये : कोंबडीची पिल्लं माणसाळवण्याविषयी

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘पिल्लू हातावर कसं आणावं : सहा आठवड्यांची पद्धत’ असा छापला आहे. ती पद्धत मी सांगणारच आहे, पण त्याआधी एका गोष्टीवर बोलणं भाग आहे. ती न समजता पद्धत वापरली तर सहा आठवडेच काय, सहा महिनेही पुरत नाहीत. तुम्हा बहुतेकांच्या घरी पिल्लं आहेत किंवा येऊ घातली आहेत, त्यामुळे ऊब, दाणा, पाणी यांची बाराखडी गिरवत नाही. एवढंच म्हणते की पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस आणि पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी, हे सांभाळलेलं असलं पाहिजे. गारठलेलं पिल्लू कुणाशी ओळख करून घेत नाही, ते फक्त ऊब शोधत असतं.

तर ती गोष्ट अशी : तुमचा हात पिल्लाकडे कुठून येतो?

पिल्लाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसतं ते समोरचं क्षेत्र अरुंद, पण एकूण नजर सुमारे ३०० अंश फिरते. या नजरेला सगळ्यात मोठी भीती वरच्या बाजूची. कोंबडीकडे धोक्याचे दोन निरनिराळे आवाज आहेत, एक आकाशातल्या शत्रूसाठी आणि एक जमिनीवरच्या. आकाशातला इशारा झाला की पिल्लं आडोशाला पळतात आणि दडून निश्चल होतात. जमिनीवरचा झाला की मोठ्या कोंबड्या माना उंच करून एकसारखा कलकलाट करतात. त्यातही डोळ्यांची वाटणी आहे. दाणा आणि खडा वेगळा ओळखायला पिल्लू उजवा डोळा जास्त वापरतं, आणि वरच्या धोक्यावर नजर ठेवायला डावा. मान तिरकी करून एक डोळा वर लावलेलं पिल्लू आपल्याला फार गोड दिसतं आणि लगेच फोटोही निघतो. पण त्या क्षणी वर सरकलेली सावली घारीची आहे का, याची ते पिल्लू चौकशी करत असतं.

आता आपण काय करतो पाहा. पिल्लांचा खोका जमिनीवर ठेवतो, त्याचं झाकण वरून उघडतं. आपण त्यावर वाकतो, उजेड अडतो, आणि बोटं पसरलेला हात वरून खाली येतो. घारीची नक्कल याहून चांगली करता येणार नाही. पिल्लं पांगतात, कोपऱ्यात एकमेकांवर चढतात, हात त्यांचा पाठलाग करतो आणि शेवटी एकाला पकडतो. मग आपण त्याला छातीशी धरून म्हणतो, ‘घाबरू नकोस.’

याच ठिकाणी माझी जुनी तक्रार आहे. ‘रोज भरपूर हाताळा, म्हणजे आपोआप माणसाळतील’ असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला अर्धवट आहे, आणि त्याचा अर्धा भाग पिल्लांना महागात पडतो. दिवसातून दहा वेळा पाठलाग करून उचललेलं पिल्लू दहा वेळा पकडलं गेलेलं असतं. काही दिवसांनी ते धडपड थांबवतं, तेव्हा आपण समजतो की ते शांत झालं. खरं म्हणजे धडपडून उपयोग नाही, एवढंच त्याला कळलेलं असतं. ओळखायचं कसं? त्याला खाली सोडा आणि तळहात तिथेच ठेवा. माणसाळलेलं पिल्लू हाताच्या आसपास घुटमळतं, बोटांवर चोच मारून बघतं. नुसतं सहन करणारं पिल्लू सरळ दूर पळतं आणि तुमच्याकडे पाठ न करता तुमच्यावर नजर ठेवतं.

दुसरी चूक याच कुळातली. पिल्लाला उताणं करून तळहातावर ठेवायचं, ते निपचित पडलं की ‘बघा, किती विश्वास!’ म्हणून कौतुक करायचं. कृपा करून हे करू नका. तो विश्वास नाही, भीतीची गुंगी आहे. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर निपचित पडलं की कधीकधी पकड सैल होते आणि पळायची संधी मिळते, म्हणून शरीर आपोआप तसं करतं. ही गुंगी माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. आथानासिउस किर्शर यांनी १६४६ मध्ये कोंबडीला असं निश्चल करण्याच्या प्रयोगाचं वर्णन केलं होतं. आजचे अभ्यासक तर या गुंगीचा कालावधी भीतीचं माप म्हणून वापरतात. पक्षी जितका वेळ पडून राहतो, तितका तो जास्त घाबरलेला धरतात. म्हणजे आपण टाळ्या वाजवतो त्या नेमक्या उलट्या गोष्टीला.

खरं सैलावलेलं पिल्लू वेगळं दिसतं. ते आपल्या पायांनी येतं, पाय दुमडून स्वतः बसतं, पिसं किंचित फुलवतं, खालची पापणी वर सरकवून डोळे मिटतं. त्याचा आवाज बारीक, मऊ आणि चढत जाणारा असतो. हरवलेल्या किंवा गारठलेल्या पिल्लाची चिवचिव मोठी, तुटक आणि उतरत जाणारी असते. या दोन आवाजांतला फरक ओळखायला शिका, बाकी अर्धं शिक्षण पिल्लूच देतं. उताण्या पिल्लाचा तर आवाजच बंद होतो, आणि गुंगी तुटली की ते झटक्यात उठून पळतं.

धरण्याबद्दल इथेच सांगते, कारण यात जीव जाऊ शकतो. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वास ओढणारा स्नायूचा पडदा, नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. लहान मुलं प्रेमाने पिल्लाला मुठीत घट्ट धरतात तेव्हा तोंड मोकळं असूनही पिल्लाचा श्वास अडतो. म्हणून छाती तळहातावर टेकलेली, पाय खाली आधाराला, आणि दुसऱ्या हाताचा पाठीवर नुसता सैल घुमट. मुलांना मांडीवर टॉवेल घालून जमिनीवरच बसवा, उभ्याने पिल्लू देऊच नका. हातातून निसटलेल्या पिल्लाचा पाय मोडायला फार उंची लागत नाही.

मग खोक्याचं काय करायचं? तो टेबलावर ठेवा आणि एका बाजूची भिंत कापून तिथे जाळीचं दार लावा. बसल्यावर तुमचं कोपर भुशाच्या पातळीला यायला हवं. हात बाजूने, भुशावरून सरपटत, तळवा वर आणि बोटं मिटलेली असा आत जाऊ द्या. एकटक रोखून पाहू नका, तोंड थोडं वळवून बसा. एवढ्या एका बदलाने जे साधतं ते कितीही खाऊ चारून साधत नाही, असं माझं ठाम मत आहे. खोक्याच्या तळाशी नुसतं गुळगुळीत वर्तमानपत्र मात्र नको. पाय घसरून फाकतात, आणि ज्याला धड उभं राहता येत नाही ते हातावर काय चढणार!

आता तुमच्यातल्या काहींच्या मनातला प्रश्न : ‘जन्मतःच पिल्लाने आपल्याला पाहिलं की ते आपल्यालाच आई मानतं ना?’ प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांच्यामागे रांगेने चालणारी हंसाची पिल्लं सगळ्यांना ठाऊक आहेत. कोंबडीच्या पिल्लांवरचं काम त्याहून जुनं आहे. डग्लस स्पाल्डिंग यांनी अंड्यातून निघालेल्या पिल्लांच्या डोळ्यांवर टोप्या चढवून ठेवल्या आणि १८७३ मध्ये त्याविषयी लिहिलं. पहिल्या एक-दोन दिवसांत हलणारं जे दिसेल त्याच्यामागे पिल्लं जात. पण जवळजवळ चार दिवस टोपीत ठेवलेली पिल्लं टोपी काढताच माणसाला पाहून घाबरून पळाली. म्हणजे ओढीची खिडकी मिटत असतानाच भीतीची उघडते. आपल्याकडे येणारी पिल्लं बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांची असतात आणि तोवर त्यांची ओढ एकमेकांवर बसलेली असते. यात काही बिघडलेलं नाही. ऊब, खाऊ आणि न पकडणारा हात यांनी विश्वास पुढेही मिळतो, फक्त जरा हळू. मात्र जास्त जिव्हाळा लागावा म्हणून एकच पिल्लू आणू नका. तुम्ही खोलीबाहेर गेलात की ते किंचाळत राहील, आणि दिवसभर खोलीत बसून राहणं तुम्हाला जमणार नाही. निदान तीन तरी असू द्यात.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा सहा आठवडे आता भराभर.

पहिला आठवडा. आल्या दिवशी काहीही करू नका, ऊब आणि पाणी एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तळहातावर रोजचाच चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, पसरून हात भुशावर ठेवा आणि हलवू नका. अंगठ्या आधी काढा, चकाकणाऱ्या खड्यावर चोची बसतातच. दुसऱ्या हाताच्या बोटाने दाण्याजवळ टकटक करा. आई कोंबडी चोचीने दाणा दाखवते तसंच ते पिल्लांना वाटतं आणि ती धावत येतात. त्याबरोबर एक ठरावीक हाक द्या, रोज तीच. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, पिल्लं जागी असताना. झोपलेल्यांना उठवू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादं धीट पिल्लू तळहातावर पाय ठेवेल. तेव्हाही बोटं मिटू नका! इथे मूठ आवळली की तीन दिवसांचं काम गेलं.

दुसरा आठवडा. खाऊ म्हणून उकडलेलं अंडं कुस्करून, दर पिल्लामागे चिमूटभर. सगळा वरचा खाऊ मिळून रोजच्या आहाराच्या दहाव्या भागापेक्षा कमीच हवा, आणि स्टार्टरखेरीज काहीही देत असाल तर बारीक खडीची वाटी ठेवा, नाहीतर पचत नाही. हा खाऊ फक्त हातावरच मिळेल, वाटीत कधीच नाही. उपाशी मात्र ठेवू नका. पिल्लं हातावर उभी राहून खात असताना हात दोन-तीन सेंटिमीटर उचला आणि ती अस्वस्थ व्हायच्या आत खाली टेकवा. मग उंची वाढवा, मग दुसऱ्या हाताचा घुमट. बाहेर काढलंत तर सुरुवातीला पाचच मिनिटं, कारण अंगावर अजून लव आहे, पिसं नाहीत.

तिसरा आणि चौथा आठवडा. जमिनीवर बसा आणि पिल्लांना मांडीवर चढू द्या. पंखांत बळ आलेलं असतं, ती हातावर उडी मारू लागतात. त्यांना आपला आडवा हात दांडीसारखा द्या. स्पर्श छातीपासून आणि गळ्याखालून सुरू करा, पाठ आणि डोकं सगळ्यात शेवटी. एखादं लाजाळू राहतंच. त्याला वेगळं काढू नका, सगळ्यात धीट भावंडाबरोबर त्याच्याजवळ हात ठेवा. दुसरं खाताना पाहून तेही पुढे सरकतं. जातीचाही फरक असतो. सिल्की, कोचीन, ब्राह्मा सहसा लवकर जवळ येतात, लेगहॉर्न चपळ आणि बिचकी. लेगहॉर्न हातावर खाऊन गेली तरी ते मोठं यश माना.

पाचवा, सहावा. पिसं पूर्ण येतात आणि काल मांडीवर झोपणारी तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, आज बिचकते. निराश होऊन पाठलाग सुरू करू नका, ते वय जातं. खुराड्यात हलवताना तीच दाण्याची वाटी, तीच हाक, आणि पहिले काही दिवस जागा छोटी ठेवा. पुढे अंड्यावर येण्याच्या सुमारास, पाच महिन्यांच्या आसपास, तुम्ही जवळ गेलात की ती पंख किंचित पसरून खाली बसेल. अनेकजण याला लाड समजतात. ती कोंबड्यासमोर बसण्याची मुद्रा आहे. आता अंडं देण्याची जागा तयार ठेवा, इतकाच त्याचा अर्थ.

नराबद्दल घाईत, पण नीट ऐका. लहानपणी मांडीवर लाडावलेला कोंबडा वयात आला की माणसाला न भिता आव्हान देऊ शकतो, आणि तोंडाशी वाकलेल्या मुलाच्या डोळ्याला चोच लागू शकते. तुरा लाल होऊन नर ओळखू आला की मांडी बंद. त्याला जमिनीवर खाऊ द्या, तुम्ही चालत गेल्यावर त्याने बाजूला व्हावं अशी सवय ठेवा, आणि त्याच्याशी लुटुपुटीची झुंज मुलांना कधीही खेळू देऊ नका.

शेवटी हात. पिल्लं निरोगी दिसत असली तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो. प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा, चुंबन नाही, गालाला लावणं नाही, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळायला देऊच नका, लांबून पाहू द्या. मागची बाजू विष्ठेने चिकटलेली दिसली तर कोमट पाण्याने भिजवून सोडवा, ओढू नका, आणि त्या दिवशी त्या पिल्लाला सवय लावायच्या भानगडीत पडू नका. प्रश्न असतील ते आता विचारा. खोक्याला दार कसं कापायचं हे कुणाला पाहायचं असेल तर नमुन्याचा खोका इथे टेबलावर आहे.